वनस्पतींच्या जीनोममधील निवेशन आणि विलोपन

डीएनएच्या क्रमात एक वा अधिक न्यूक्लिओटाइडांची भर पडणे म्हणजे निवेशन आणि ते गळून जाणे म्हणजे विलोपन. केवळ दोन वाणांची तुलना केल्यास एकात भर पडली की दुसऱ्यातून तुकडा गळाला हे ठरवता येत नाही. त्यासाठी दूरच्या नात्यातील तिसरी वनस्पती तुलनेस घ्यावी लागते. म्हणूनच दोहोंना मिळून ‘इंडेल’ ही एकच संज्ञा रूढ झाली आहे.

बहुतेक इंडेल अवघ्या काही न्यूक्लिओटाइडांचे असतात आणि जनुकांदरम्यानच्या भागांत व इंट्रॉनमध्ये अधिक आढळतात. प्रथिनांचा संकेत देणाऱ्या भागात ते विरळ असतात व तेथे तीनच्या पटीतील लांबी तुलनेने जास्त दिसते. तीन न्यूक्लिओटाइडांचा कोडॉन एका अमिनो आम्लाचा संकेत देतो. त्यामुळे तीनने भाग न जाणारा बदल झाल्यास पुढील सर्व वाचनक्रम सरकतो आणि प्रथिन बहुधा निकामी होते. असे बदल नैसर्गिक निवडीत सहसा टिकत नाहीत.

लागवडीखालील पिकांत मात्र माणसाने असे ‘बिघाड’ नकळत जपले. भाताचे ‘बीएडीएच२’ जनुक हे त्याचे ठळक उदाहरण होय. बासमती व थायलंडचा जास्मिन या तांदळांत या जनुकाच्या सातव्या एक्झॉनमधील ८ न्यूक्लिओटाइड लुप्त आहेत. त्यामुळे अकाली समाप्ती-संकेत येतो, विकर कार्यक्षम राहत नाही आणि सुवास देणारे २-अॅसिटिल-१-पायरोलीन दाण्यात साठते. काही अन्य सुवासिक वाणांत याच जनुकाच्या दुसऱ्या एक्झॉनमध्ये ७ न्यूक्लिओटाइडांचे विलोपन आहे. म्हणजे हा सुवास एकाहून अधिक वेळा निरनिराळ्या मार्गांनी उद्भवला. हा फरक पीसीआर चाचणीत दिसत असल्याने सुवासिक रोपे दाणे भरण्यापूर्वीच निवडता येतात. १९६६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘आयआर ८’ या भातवाणाचा बुटकेपणाही ‘एसडी१’ जनुकातील ३८३ न्यूक्लिओटाइडांच्या विलोपनातून आला आहे.

मोठ्या इंडेलमध्ये कधी संपूर्ण जनुकच एका वाणात असते व दुसऱ्यात नसते. भाताचा संदर्भ जीनोम जपानमधील ‘निप्पोनबारे’ या वाणाचा आहे. त्यात पुरात बुडालेल्या रोपाला तग धरण्यास मदत करणारे ‘सब१ए’ जनुक नाही. ते ओडिशातील ‘एफआर १३ए’ या वाणातून मिळाले व संकराद्वारे ‘स्वर्णा’ या वाणात आणले गेले. केवळ संदर्भ जीनोमशी तुलना केली असती, तर हे जनुक नजरेतून निसटले असते. त्यामुळे अलीकडे अनेक वाणांचे जीनोम एकत्र मांडणारा ‘पॅनजीनोम’ वापरण्याकडे संशोधकांचा कल आहे.