गिटार कुणाच्या हाती शोभते?

गोऱ्या पोराने हातात गिटार घेतली तर 'तू गिटार का घेतलीस?' असे त्याला कुणी विचारत नाही. केली ओकेरेके या तरुणाला मात्र हा प्रश्न या ना त्या रूपात विचारला गेला. कारण उघड आहे. ओकेरेके कृष्णवर्णीय आहे.

आईवडील नायजेरियातून आलेले. जन्म 1981 चा, लिव्हरपूलमधला, वाढला लंडनमध्ये. किंग्ज कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकला. गिटारवादक मित्र रसेल लिसॅक याच्यासह त्याने बँड उभा केला. पुढे बासवर गॉर्डन मोक्स आणि ड्रमवर मॅट टाँग आले. 2003 मध्ये 'ब्लॉक पार्टी' हे नाव पक्के झाले.

हा बँड 'इंडी' परंपरेतला. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या दारात उभे न राहता छोट्या स्वतंत्र कंपन्यांमार्फत आपले संगीत काढायचे, ही या परंपरेची मूळ भूमिका. आपल्याकडे लिटल मॅगझिन ज्यांनी काढली, त्यांना ती वेगळी समजावून सांगायला नको. पण स्वतंत्र म्हणवणाऱ्या या अंगणातही मंचावर दिसत ते बहुतांशी गोरे तरुणच. काळ्या पोराने रॅप करावा, फार तर सोल गावा. गिटारचा गोंगाट त्याचा नव्हे, अशी अलिखित वाटणी झालेली. वास्तविक रॉक संगीतात गिटार आणली कुणी? गॉस्पेल गाणाऱ्या सिस्टर रोझेटा थार्पने 1930 च्या दशकातच ती गाजवली. चक बेरी 1955 मध्ये आला. 1966 मध्ये लंडनला आलेल्या जिमी हेंड्रिक्सने तर गोऱ्या गिटारवाल्यांची झोप उडवली. ज्यांनी घर बांधले त्यांच्याच नातवाला दारात अडवून 'आपण कोण?' म्हणून विचारायचे, असा हा प्रकार!

फेब्रुवारी 2005 मध्ये 'सायलेंट अलार्म' हा पहिला अल्बम आला. ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेला. 'एनएमई' साप्ताहिकाने त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले, मर्क्युरी पारितोषिकाच्या अंतिम यादीतही तो होता. ही दाद वाजवीच होती. दोन गिटारी भांडल्यासारख्या एकमेकींना तोडतात आणि टाँगचा ड्रम त्यांना पळवत नेतो. आजही ऐकताना अंगावर येते. समीक्षकांनी या बँडची तुलना 'गँग ऑफ फोर'शी केली. लीड्स शहरातल्या त्या बँडचा 1979 चा पहिला अल्बम उघडउघड राजकीय, मार्क्सवादी वळणाचा. तुलनेत कौतुकच होते. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

मग फेब्रुवारी 2007 मध्ये दुसरा अल्बम आला, 'अ वीकेंड इन द सिटी'. मधल्या काळात लंडन बदलले होते. 7 जुलै 2005 च्या बॉम्बस्फोटांत 52 निरपराध माणसे मारली गेली, आणि त्यानंतर वृत्तपत्रांनी भीतीचा बाजार मांडला. त्यावर ओकेरेकेने 'हंटिंग फॉर विचेस' हे गाणे केले. 2006 मध्ये केंट परगण्यात एका कृष्णवर्णीय युवकाचा भोसकून खून झाला. त्या दुःखातून 'व्हेअर इज होम?' आले. अल्बम दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचला, पण समीक्षकांत फूट पडली. शब्द बोजड आहेत, उपदेश फार झाला, असा सूर निघाला.

त्या आक्षेपात तथ्य अजिबात नाही, असे मी म्हणणार नाही. काही ओळी खरोखरच बोथट आहेत आणि निर्माता जॅकनाइफ ली याने आवाजाला जरा जास्तच लोणी लावले आहे. परंतु 'गँग ऑफ फोर'ने भांडवलशाहीवर गाणी केली तेव्हा ती बुद्धिमत्ता ठरली. ओकेरेकेने स्वतःच्या कातडीवर बेतलेले सांगितले तेव्हा तो उपदेश कसा झाला? पहिल्या अल्बमच्या वेळी वर्णाचा विषय पत्रकार काढत होते, तो काढायला ओकेरेके नाखूष असे. दुसऱ्या वेळी तो आपण होऊन बोलला, तर म्हणे फार बोलतो. दलित आत्मकथने आली तेव्हा अनुभवाला हळहळून कलात्मकतेची फूटपट्टी काढणारी समीक्षा आपणही पाहिली आहे, म्हणून हे लवकर ओळखू येते.

2018 मध्ये बँडने 'सायलेंट अलार्म' अथपासून इतिपर्यंत वाजवत दौरा काढला. टाँग आणि मोक्स तोवर बाहेर पडले होते. जुन्या चाहत्यांचा ओढा पहिल्या अल्बमकडेच. माझी मात्र विनंती आहे की एकदा 'व्हेअर इज होम?' लावून पाहावे. ते सुरू होते अंत्यविधीनंतरच्या बैठकीत, जिथे कोलाची बी फोडली जाते. नायजेरियातल्या इग्बो घरांत माणसे जमली की कोला पुढे येतो, तशी रीतच आहे. गाण्याला बोजड म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी त्या बैठकीत कोला खाल्ला असेल?