भोपाळचा अपुरा धडा

२ डिसेंबर १९८४ च्या मध्यरात्री भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे प्राणास मुकली. भिंतीपलीकडे कोणते विष साठविले आहे, याची लगतच्या झोपडपट्टीतील रहिवाशांना कल्पना नव्हती. तोंडावर ओले फडके धरावे, ही साधी सूचनाही त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती. वायूने बळी घेतले खरे. पण अज्ञानाने त्यांची संख्या वाढविली.

१९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. वाढीव भरपाईसाठीची केंद्र सरकारची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. तथापि प्रश्न केवळ रकमेचा नाही. प्रदूषणाला निव्वळ अपघात मानले की पीडित मदतीचा याचक ठरतो. तो हक्कभंग मानला की तोच जाब विचारणारा नागरिक होतो.

कायद्याने ही दिशा स्वीकारली आहे. धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील जनतेला देण्याचे बंधन १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने कायद्यात आले. प्रदूषणमुक्त पाणी व हवा हा घटनेच्या २१ व्या कलमातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले.

व्यवहार मात्र मागेच राहिला. कारखान्याच्या आवारातील सुमारे ३३७ टन विषारी कचरा जानेवारी २०२५ मध्ये जाळण्यासाठी पीथमपूरला नेण्यात आला, तेव्हा तेथील रहिवासी रस्त्यावर उतरले. ज्यांच्या दाराशी विष न्यायचे, त्यांना आधी विश्वासात घ्यावे, हा भोपाळचा पहिला धडा चाळीस वर्षांनंतरही गिरवायचा राहिलाच आहे.