जुनी गाडी घ्यावी पारखून

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण चार ठिकाणी चौकशी करतो. मग साठवलेल्या पैशांतून जुनी मोटार घेताना नुसत्या रंगावर का भाळावं?

आमच्याकडे तेच होणार होतं. हे अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला. सासूबाईंचे गुडघे दुखू लागले, भर पावसात त्यांना स्कूटरवरून दवाखान्यात नेणं नको वाटे. नवी गाडी परवडेना, म्हणून जुनी बघितली. कशी लख्ख होती! विसार द्यायला मी पर्स उघडली, तोच शेजारच्या भाऊजींनी आरसी मागितली. तिच्यावर बँकेचा बोजा तसाच! पैसे पर्समध्ये परत गेले.

तेव्हापासून शिकलेल्या चार गोष्टी सांगते. गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघावी. बॉनेटला आधी हात लावावा. इंजिन मुद्दाम तापवून ठेवलं असेल, तर सुरू होतानाची कुरकुर लपते. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे मोठा खर्च. काटा कमी किलोमीटर दाखवतो, पण पेडलची रबरं झिजलेली? सर्व्हिसिंगच्या पावत्या मागाव्यात. पायाखालचं मॅटिंग उचलून पाहावं. कुबट वास नि गाळ ही पुराच्या पाण्याची खूण. पांडवलेण्यांपर्यंत एक फेरी मारावी आणि ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का बघावं. ओळखीचा मेकॅनिक बरोबर असावाच. त्याची मजुरी वाया जात नाही.

आता कागद. इंजिन व चॅसीचे नंबर आरसीशी ताडून घ्या. बोजा असेल तर बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म 35, नाव बदलायला फॉर्म 29 व 30. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. ती संपत आली असेल तर फेरनोंदणीचा खर्च धरूनच भाव करा. विमा आपल्या नावावर करण्यासाठी 14 दिवसांत अर्ज द्या.

आणि आपली जुनी गाडी विकली, तरी आरटीओत नाव बदललं का, हे पाहिल्याशिवाय स्वस्थ बसू नका. नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 साली स्पष्ट केलं आहे.

आम्ही शेवटी घेतली ती गाडी रंगानं जरा फिकीच आहे. पण कागद चोख, इंजिन धडधाकट. सासूबाई मागच्या सीटवर पाय पसरून बसतात नि म्हणतात, "रंगाचं काय गं, संसाराला गुण लागतात!"