रोजमेळाशेजारची कोरी वही

व्यापारी घरात लेखनाला तोटा नसतो. रोजमेळ, खतावणी, उधारीची वही यांत प्रत्येक रुपयाची नोंद राहते. मात्र त्याच घरातील मुलाने दिवसभरात काय पाहिले, ते कशाने हसले, कशाला घाबरले, याची नोंद कुठेच होत नाही. लेखन म्हणजे गुणांसाठी पाठ केलेला निबंध, अशी मुलांची समजूत होते आणि त्यातील आनंद हरपतो. त्यातच ‘लिहून काय मिळणार?’ असे घरातील ज्येष्ठांनी सहज विचारले, तरी मुलाची लेखणी थबकते.

हा प्रश्न जुनाच आहे. १५८६ साली जौनपूरच्या श्रीमाळ जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या बनारसीदासांनाही वडीलधाऱ्यांनी बजावले होते की, फार शिकणे हे ब्राह्मण-भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने दुकानात बसावे. तरीही त्यांनी लिहिणे सोडले नाही. १६४१ साली त्यांनी ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. धंद्यातील खोट, कचोरीवाल्याकडची उधारी, १६०५ साली अकबराच्या निधनाची वार्ता येताच धास्तावलेली जौनपूरची बाजारपेठ, हे सारे त्यात प्रांजळपणे आले आहे. त्या काळच्या बाजारपेठेत वावरणारा माणूस आज आपल्याला भेटतो, तो अशा लेखनामुळेच.

घरी आरंभ करण्यासाठी मोठी तयारी लागत नाही. मुलाला एक स्वतंत्र वही द्यावी आणि तिला लाल शाई लावू नये. शुद्धलेखनाच्या चुका शाळेत सुधारता येतात. घरी आधी ‘मग पुढे काय झाले?’ असे विचारावे. या प्रश्नाने मुलाला दुसरे पान लिहावेसे वाटते.

विषय जवळचे असावेत. ‘पावसाळा’ या ठरावीक निबंधाऐवजी पावसात तलावपाळीवर दिसलेला एखादा माणूस, डोंबिवली स्थानकावरील सकाळची गर्दी, कल्याणच्या बाजारातील भाजीवालीची हाक, किंवा वडिलांच्या दुकानात घासाघीस करणारे गिऱ्हाईक आणि त्यांचा संवाद लिहायला सांगावे. पाहिलेले लिहिताना शब्द आपोआप सुचतात.

भाषेचा आग्रहही सैल ठेवावा. आजीची गुजराती, मारवाडी वा कच्छी, शाळेतील इंग्रजी आणि रस्त्यावरील मराठी एकाच पानावर आल्या तर बिघडत नाही. उलट, आजीचा एखादा शब्द त्या वहीत तरी टिकून राहील.

संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’चे तयार संदेश मोबाईलवरून शेकडो जणांना जातात. त्याऐवजी मुलाने एकाच व्यक्तीला, नेमके काय चुकले ते आठवून, स्वतःच्या शब्दांत चार ओळींचे पत्र लिहावे. प्रामाणिक लेखनाचा याहून चांगला पाठ क्वचितच सापडेल.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. मुलाचे लिखाण त्याला न विचारता नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप समूहावर टाकू नये. कौतुकाच्या हेतूने केलेल्या या कृतीनेही मुलाचा विश्वास उडू शकतो. दुकान वाढवून घरी आल्यावर पाच मिनिटे शांतपणे ऐकणे, हे कौतुक पुरेसे असते.

लेखनाला वाचनाची जोड हवी आणि त्यासाठी हा परिसर भाग्यवान आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० साली ठाण्यात आणि २०१७ साली डोंबिवलीत भरले होते. १९७१ पासून निघणारे बालभारतीचे ‘किशोर’ मासिकही मुलांच्या हाती देण्याजोगे आहे.

दिवाळीत चोपडापूजनासाठी नव्या वह्या घरात येतात. त्यांच्याबरोबर मुलासाठी एक कोरी वही आणावी आणि पहिल्या पानावर काय लिहायचे, हे त्यालाच ठरवू द्यावे.