औषधे, पेटंट आणि विकसनशील देश : नियमातली सवलत कोणाला वापरता येते?

प्रस्तावना

'जागतिक शासन' ही संकल्पना तुम्ही आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासक्रमात वाचलेली असेल. जगाचे एक सरकार नाही. तरीही व्यापार, हवामान, आरोग्य, अणुऊर्जा अशा अनेक विषयांवर सर्व देशांना लागू होणारे नियम अस्तित्वात आहेत. हे नियम करारांतून तयार होतात आणि कागदावर सर्व सदस्य देश समान असतात. मग विकसनशील देशांची तक्रार नेमकी काय आहे? या पाठात आपण एकच उदाहरण घेऊन या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. ते उदाहरण औषधांच्या पेटंटचे आहे.

हे उदाहरण निवडण्याचे कारण सोपे आहे. सन २००० च्या सुमारास एचआयव्हीची बाधा रोखून धरणारी तीन औषधांची एकत्रित उपचारपद्धती उपलब्ध झाली होती. मात्र मूळ कंपन्यांच्या किमतीनुसार एका रुग्णाचा वर्षाचा खर्च १०,००० ते १५,००० अमेरिकी डॉलरच्या घरात जात होता. जगातील बहुसंख्य रुग्ण आफ्रिकेत होते आणि तेथील सरकारांना हा खर्च पेलणे अशक्य होते. औषध होते, पण ते मिळेल की नाही हे व्यापारविषयक करारातील काही कलमांवर अवलंबून होते.

पार्श्वभूमी : १९७० चा भारतीय कायदा

पेटंट म्हणजे संशोधकाला ठरावीक काळासाठी दिलेला एकाधिकार. या काळात त्याच्या परवानगीशिवाय ती वस्तू दुसऱ्या कोणी बनवू किंवा विकू शकत नाही. औषधांच्या बाबतीत पेटंट दोन प्रकारचे असू शकते. उत्पादन पेटंट प्रत्यक्ष औषधाच्या रेणूवर मिळते, तर प्रक्रिया पेटंट ते औषध तयार करण्याच्या विशिष्ट पद्धतीवर मिळते. हा फरक नीट लक्षात ठेवा. पुढचा सर्व विषय त्यावर उभा आहे.

स्वातंत्र्यानंतरही भारतात १९११ चा ब्रिटिशकालीन पेटंट कायदा चालू होता आणि औषधांच्या बाजारावर परदेशी कंपन्यांचा वरचष्मा होता. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा आला. या कायद्याने औषधांवर उत्पादन पेटंट देणे बंद केले. फक्त प्रक्रिया पेटंट ठेवले आणि त्याची मुदतही कमी केली. परिणामी तेच औषध वेगळ्या पद्धतीने तयार करण्याची मोकळीक भारतीय कंपन्यांना मिळाली. पुढील दोन-तीन दशकांत भारतात स्वस्त जेनेरिक औषधे बनवणारा मोठा उद्योग उभा राहिला.

ट्रिप्स करार : काय बदलले?

१९८६ ते १९९४ या काळात उरुग्वे फेरीच्या व्यापारविषयक वाटाघाटी झाल्या. त्यांतून १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना अस्तित्वात आली. तिच्या करारांपैकी बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक पैलूंसंबंधीचा करार 'ट्रिप्स' या नावाने ओळखला जातो. या करारानुसार तंत्रज्ञानाच्या सर्व क्षेत्रांत, म्हणजे औषधांतही, उत्पादन पेटंट देणे सदस्य देशांना बंधनकारक झाले. मुदत अर्ज केल्यापासून किमान २० वर्षे ठरली.

विकसनशील देशांनी हा करार का मान्य केला, असा प्रश्न तुम्हाला पडेल. त्याची दोन कारणे सांगता येतात. पहिले म्हणजे उरुग्वे फेरीचे करार एकगठ्ठा स्वीकारायचे होते. शेतमाल आणि कापडाच्या बाजारपेठा खुल्या व्हाव्यात असे वाटत असेल, तर ट्रिप्सही घ्यावा लागत होता. दुसरे म्हणजे एकतर्फी दबाव. बौद्धिक संपदेचे पुरेसे संरक्षण न करणाऱ्या देशांची यादी अमेरिका आपल्या देशांतर्गत व्यापार कायद्याखाली दरवर्षी प्रसिद्ध करते. १९९१ मध्ये त्या यादीत सर्वांत गंभीर गटात भारताचा समावेश झाला होता.

कंपन्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. नवे औषध शोधण्यात प्रचंड पैसा आणि अनेक वर्षे जातात. बहुतेक प्रयोग अपयशी ठरतात. संरक्षण नसेल तर कोणी संशोधनात पैसा गुंतवणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो पोकळ नाही. पण ज्या आजारांचे रुग्ण गरीब देशांत आहेत त्यांच्यावर पेटंट असूनही पुरेसे संशोधन होत नाही, हेही तितकेच खरे आहे.

करारातील सवलती

ट्रिप्समध्ये विकसनशील देशांसाठी काही मोकळी जागा ठेवलेली आहे. तिच्यातील तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

१. सक्तीचा परवाना : पेटंटधारकाची संमती नसतानाही सरकार दुसऱ्या उत्पादकाला ते औषध बनवण्याचा परवाना देऊ शकते. पेटंटधारकाला त्याबद्दल योग्य मोबदला द्यावा लागतो. ही तरतूद कलम ३१ मध्ये आहे.

२. समांतर आयात : तेच औषध मूळ कंपनी दुसऱ्या देशात कमी किमतीत विकत असेल, तर तेथून ते आणता येते.

३. संक्रमण काळ : विकसनशील देशांना नवे नियम लागू करण्यासाठी मुदत मिळाली. औषधांवर उत्पादन पेटंट नसलेल्या भारतासारख्या देशांसाठी ती १ जानेवारी २००५ पर्यंत होती. अल्पविकसित देशांसाठी औषधांपुरती ही सूट वाढत वाढत आता १ जानेवारी २०३३ पर्यंत आहे.

आता प्रश्न असा की, कागदावर असलेल्या या सवलती प्रत्यक्षात कोणाला वापरता आल्या?

दक्षिण आफ्रिकेचा खटला आणि दोहा जाहीरनामा

१९९७ मध्ये नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष असताना दक्षिण आफ्रिकेने आपल्या औषधविषयक कायद्यात दुरुस्ती केली. स्वस्त औषधांची समांतर आयात करता यावी हा तिचा एक हेतू होता. १९९८ मध्ये औषध कंपन्यांच्या संघटनेने आणि सुमारे ४० कंपन्यांनी या कायद्याविरुद्ध प्रिटोरियातील न्यायालयात दावा दाखल केला. अमेरिकेनेही दक्षिण आफ्रिकेवर व्यापारी दबाव आणला. ट्रिप्समध्ये मुभा असूनही ती वापरू पाहणाऱ्या देशाला न्यायालयात उभे राहावे लागले, हे येथे ध्यानात घ्या.

फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीचे प्रमुख युसूफ हमीद यांनी तीच तिहेरी उपचारपद्धती एका सेवाभावी वैद्यकीय संघटनेला रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केली. १०,००० आणि ३५० या दोन आकड्यांतील फरक जगासमोर आला. रुग्णांच्या संघटनांचे आंदोलन आणि जगभरातील टीका यांमुळे एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी दावा मागे घेतला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्सचे जंतू पाठवले गेले. त्यावरील प्रतिजैविकाचे पेटंट बाजूला सारण्याचा इशारा खुद्द अमेरिकी सरकारने दिला. श्रीमंत देशालाही संकटात हीच तरतूद आठवते, हा मुद्दा विकसनशील देशांच्या बाजूने गेला. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा येथील मंत्रिपरिषदेत आफ्रिकी गट, भारत आणि ब्राझील यांनी एकत्रितपणे हा विषय लावून धरला. १४ नोव्हेंबर रोजी ट्रिप्स आणि सार्वजनिक आरोग्यासंबंधीचा जाहीरनामा मंजूर झाला. सार्वजनिक आरोग्याचे रक्षण करण्याच्या सदस्य देशांच्या अधिकाराला पूरक ठरेल असाच ट्रिप्सचा अर्थ लावला जावा, आणि सक्तीचा परवाना कोणत्या कारणासाठी द्यायचा हे प्रत्येक देश स्वतः ठरवू शकतो, असे त्यात स्पष्ट केले गेले.

कारखाना नसलेल्या देशाचे काय?

दोहा येथे एक अडचण मात्र सुटली नाही. कलम ३१ नुसार सक्तीच्या परवान्याखाली बनवलेले औषध मुख्यतः देशांतर्गत बाजारासाठीच असावे लागते. म्हणजे ज्या देशात औषधाचा कारखानाच नाही, तो परवाना देणार कोणाला? आणि बाहेरून आणायचे तर दुसऱ्या देशाला निर्यात करण्याची मुभा नाही.

यावर ३० ऑगस्ट २००३ रोजी तोडगा निघाला. आयात करणाऱ्या आणि निर्यात करणाऱ्या दोन्ही देशांनी संघटनेला कळवून, विशिष्ट प्रमाणात आणि वेगळ्या वेष्टनात औषध पाठवायचे, अशी पद्धत ठरली. ट्रिप्समधील कायमची दुरुस्ती म्हणून ती २३ जानेवारी २०१७ पासून अमलात आली.

या पद्धतीचा शेवटपर्यंत तडीस गेलेला वापर एकच आहे. कॅनडाने २००४ मध्ये त्यासाठी कायदा केला. रवांडाने २००७ मध्ये एचआयव्हीच्या औषधाची गरज कळवली. कॅनडाच्या एका कंपनीने बनवलेल्या गोळ्यांची पहिली खेप सप्टेंबर २००८ मध्ये रवाना झाली. कायदा झाल्यापासून औषध निघेपर्यंत चार वर्षे गेली. कोविडच्या काळात २०२१ मध्ये बोलिव्हियानेही लसीसाठी हीच वाट धरली होती. पण कॅनडातून परवाना मिळाला नाही आणि लसही आली नाही.

भारत, थायलंड आणि ब्राझील यांचा अनुभव

भारताने २००५ मध्ये कायदा बदलून औषधांवर उत्पादन पेटंट देणे सुरू केले. पण संसदेने कायद्यात कलम ३(ड) घातले. आधीच माहीत असलेल्या औषधाचे केवळ नवे रूप पुढे आणले आणि त्याची परिणामकारकता वाढली नसेल, तर पेटंट मिळत नाही. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या बाबतीत नोव्हार्टिस कंपनीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी याच कलमाच्या आधारे फेटाळला.

भारताने आजवर सक्तीचा परवाना एकदाच दिला आहे. ९ मार्च २०१२ रोजी, यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील नेक्साव्हार या बायर कंपनीच्या औषधासाठी तो नॅटको या कंपनीला मिळाला. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे २,८०,००० रुपये होता; नॅटकोला ते ८,८८० रुपयांत विकण्याची अट होती. बायरला विक्रीवर आधी ६ टक्के आणि नंतर ७ टक्के रॉयल्टी ठरली.

थायलंडने २००६ आणि २००७ मध्ये एचआयव्ही आणि हृदयविकारावरील औषधांसाठी असे परवाने दिले. तेव्हा अमेरिकेने त्याला व्यापारविषयक विशेष देखरेखीच्या यादीत टाकले, आणि एका कंपनीने आपल्या काही नव्या औषधांच्या नोंदणीचे अर्ज थायलंडमधून मागे घेतले. ब्राझीलने मे २००७ मध्ये एचआयव्हीच्या एका औषधासाठी परवाना दिला आणि सुरुवातीला ते औषध भारतातून मागवले.

या उदाहरणांवरून काय दिसते?

सवलत वापरण्यासाठी चार गोष्टी लागतात. पहिली, करारातील सवलत देशाच्या स्वतःच्या कायद्यात उतरवलेली असणे. दुसरी, औषध बनवण्याची क्षमता, स्वतःची किंवा जवळच्या मित्रदेशाची. तिसरी, व्यापारी दबाव सोसण्याची राजकीय तयारी. चौथी, इतर देशांची आणि नागरिकांच्या संघटनांची साथ. भारताकडे पहिल्या दोन गोष्टी १९७० पासूनच्या धोरणामुळे होत्या. रवांडाकडे दुसरी नव्हती. दक्षिण आफ्रिकेला चौथीने तारले. थायलंडने तिसरीची किंमत मोजली.

म्हणून 'सर्व देशांना समान नियम' या वाक्याकडे तुम्ही सावधपणे पाहिले पाहिजे. नियम समान असला तरी तो वापरण्याची ताकद समान नसते. मात्र नियम केवळ लादलेले असतात आणि काहीच करता येत नाही, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. दोहा जाहीरनामा हा विकसनशील देशांनी एकत्र येऊन मिळवलेला होता.

अलीकडील घडामोडी

२ ऑक्टोबर २०२० रोजी भारत आणि दक्षिण आफ्रिकेने कोविडवरील लसी, औषधे आणि चाचण्यांसाठी ट्रिप्सची काही कलमे तात्पुरती स्थगित करावीत असा प्रस्ताव मांडला. त्याला शंभराहून अधिक देशांचा पाठिंबा मिळाला. निर्णय झाला तो १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात, तोही फक्त लसींपुरता आणि पाच वर्षांसाठी. तोवर महामारीचा सर्वांत कठीण काळ सरला होता.

दुसरी बाब द्विपक्षीय व्यापार करारांची. अशा करारांत श्रीमंत देश अनेकदा ट्रिप्सपेक्षा कडक अटी मागतात. औषधाच्या चाचण्यांच्या माहितीवर काही वर्षे विशेषाधिकार, ही त्यांपैकी एक. ही अट मान्य केली तर जेनेरिक उत्पादकाला त्या माहितीच्या आधारे मंजुरी मिळत नाही आणि पेटंट नसतानाही स्वस्त औषध बाजारात यायला उशीर होतो. बहुपक्षीय मंचावर मिळवलेली मोकळीक दोन देशांच्या वाटाघाटीत अशी गमावली जाऊ शकते.

समारोप

व्यापार कराराची बातमी वाचताना आपण सहसा आयात शुल्क आणि निर्यातीचे आकडे पाहतो. या पाठानंतर बौद्धिक संपदेचे प्रकरणही वाचण्याची सवय लावा. तुमच्या गावातील औषधाच्या दुकानात एखादी गोळी किती रुपयांना मिळेल, आणि आपल्याकडून औषध घेणाऱ्या आफ्रिकेतील रुग्णाला ती मिळेल की नाही, हे त्या प्रकरणातील दोन-चार वाक्यांवर ठरू शकते.

स्वाध्याय

१. उत्पादन पेटंट आणि प्रक्रिया पेटंट यांतील फरक सांगून १९७० च्या भारतीय कायद्याचे महत्त्व स्पष्ट करा.

२. रवांडाच्या उदाहरणावरून २००३ च्या तोडग्याच्या मर्यादा लिहा.

३. संशोधनाला प्रोत्साहन आणि औषधांची उपलब्धता यांचा मेळ कसा घालता येईल? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत द्या.

४. सवलत वापरण्यासाठी लागणाऱ्या चार गोष्टींची कसोटी दुसऱ्या एखाद्या विषयाला, उदाहरणार्थ सरकारी धान्यसाठ्याच्या प्रश्नाला, लावून पाहा.