एका टाकीत दोन क्रेफिश

खेकड्यांच्या टोपलीची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा. टोपलीला झाकण नसले तरी चालते, कारण एक खेकडा वर चढू लागला की बाकीचे त्याचे पाय ओढतात, असे वक्ते आपल्याला स्नेहसंमेलनापासून निवडणुकीच्या सभेपर्यंत ऐकवीत असतात. खेकड्याची बाजू मात्र कोणी मांडत नाही. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. प्राण्यांच्या अभ्यासाशी माझा संबंध शाळेबरोबरच सुटला. पण आमच्या शेजारच्या काकांनी घरातील काचेच्या टाकीत एक क्रेफिश आणला, टाकीचे पाणी बदलण्याचे काम माझ्याकडे आले, आणि त्या निमित्ताने मी ग्रंथालयातील प्राणिशास्त्राच्या कपाटापर्यंत पोहोचलो. तेथे जे वाचले आणि टाकीत जे पाहिले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

नावात 'फिश' असले तरी क्रेफिश हा मासा नव्हे. कोळंबी, शेवंड आणि खेकडा यांच्या गणगोतातील हा दहा पायांचा, कवचधारी, गोड्या पाण्यात राहणारा प्राणी. अंग व शेपटी कोळंबीसारखी, नांग्या खेकड्यासारख्या. आपल्या बोलण्यात त्याला नाव नाही. कन्नड विभागातील मित्राला विचारले, तर तोही कोळंबीची 'सीगडी' आणि खेकड्याची 'एडी' यांच्यामध्ये अडकला! याचे कारण सरळ आहे. जगात क्रेफिशच्या सहाशेहून अधिक जाती असल्या तरी भारतात मूळची एकही नाही. जो प्राणी आपल्या ओढ्यात कधी नव्हताच, त्याचे बारसे कोण करणार? दुकानात तो 'लॉबस्टर' म्हणून विकला जातो. खरा लॉबस्टर समुद्रात राहतो. काकांचा क्रेफिश तांबडा आहे. त्याचे शास्त्रीय नाव प्रोकॅम्बेरस क्लार्की, आणि मूळ गाव अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलीचा प्रदेश.

एके दिवशी काका म्हणाले, "अरे, एकटाच आहे रे बिचारा. कंटाळत असेल. जोडीला आणखी एक आणू का?" प्रश्न मायेचा होता. पण त्याचे उत्तर 'नको' असे आहे, आणि त्याची कारणे तीन.

पहिले कारण स्वभावाचे. क्रेफिशला सोबतीची ओढ नसते. बीळ किंवा कपार ही त्याची मालमत्ता. तेथे दुसरा आला की नांग्या उगारल्या जातात. या भांडणाची रीत मोठी मजेशीर आहे. क्रेफिशची मूत्रद्वारे डोक्याकडे, मिशांच्या मुळाशी असतात. झुंजताना तो प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने मूत्र सोडतो आणि त्या वासावरून समोरच्याचा जोर जोखला जातो. एकदा हार-जीत ठरली की हरलेला पुढच्या वेळी तो वास येताच माघार घेतो. हा बदल मज्जातंतूंपर्यंत पोहोचतो. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी संशोधनात असे दिसले की, शेपटी झटकून उसळी घेण्याची क्रिया ज्या चेतापेशीमुळे होते, तिच्यावर सेरोटोनिन या द्रव्याचा परिणाम वरचढ क्रेफिशमध्ये उत्तेजक, तर दबलेल्यामध्ये नेमका उलटा होतो. ओढ्यात हरलेला क्रेफिश दहा हात दूर जाऊन नवी कपार शोधतो. टाकीत तो जाणार कोठे? चारही बाजूंना काच, आणि पाण्यात सतत विजेत्याचा वास. म्हणजे भांडण मिटते, पण हरलेल्याची सुटका होत नाही.

दुसरे कारण कात टाकण्याचे. क्रेफिशचे कवच त्याच्याबरोबर वाढत नाही. वाढायचे तर जुने कवच टाकून नवे धारण करावे लागते. लहानपणी हे वरचेवर घडते, मोठेपणी वर्षातून मोजक्या वेळा. कात टाकण्यापूर्वी तो जुन्या कवचातील थोडा चुना काढून घेऊन जठरात दोन लहान गोळ्यांच्या रूपाने साठवतो. पुढे तोच चुना नव्या कवचाला लागतो. टाकलेले कवचही तो खातो, म्हणून ते टाकीतून काढू नये. नवे कवच टणक होण्यास काही दिवस लागतात. त्या काळात त्याच्या नांग्या मऊ, अंग मऊ आणि बळ नाही. एरवी मुकाट राहणारा सोबतीही अशा वेळी त्याला जिवंत खातो. माझ्या टिळकवाडीतील एका मित्राकडे दोन क्रेफिश होते. तीन महिने सुखाने नांदले, आणि एका सकाळी एकाच्या दोन नांग्या तेवढ्या उरल्या होत्या. "पोटभर खायला घालत होतो रे," असे तो म्हणत राहिला. पोट भरलेले असले तरी समोरचा मऊ घास क्रेफिश सोडत नाही. तुटलेली नांगी पुढच्या कातींबरोबर हळूहळू पुन्हा येते; गेलेला जीव येत नाही.

तिसरे कारण हिशेबाचे, म्हणजे माझ्या विषयातले. दुकानात टाकी लिटरवर मोजतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावते. उंची दीड फूट केली की ८५ लिटर. पाणी दीडपट झाले, पण तळ मात्र दोन चौरस फूटच राहिला. मासा पाण्यात राहतो, क्रेफिश तळावर राहतो. तेव्हा त्याच्या दृष्टीने उंच टाकीवरचा जादा खर्च बुडीत खात्यात गेला. दोन फुटी टाकी एका मोठ्या क्रेफिशला बेताचीच होते. दोन ठेवायचेच असतील तर मध्ये पक्का पडदा घालावा किंवा दुसरी टाकी घ्यावी. पुष्कळ कपारी केल्यास मारामारी कमी होते, पण कातीच्या दिवसांतील धोका टळत नाही.

एकट्या क्रेफिशची बडदास्त सोपी आहे. मंगलोरी कौलाचा तुकडा किंवा पाइपचा तुकडा घर म्हणून द्यावा. नळाचे पाणी क्लोरीन जाण्यासाठी बादलीत दिवसभर उघडे ठेवून मग घालावे. तांबे असलेली माशांची औषधे टाकीत घालू नयेत. कवचधारी प्राण्यांना ती विष ठरतात. आणि झाकण घट्ट असावे, कारण हवेच्या नळीवरून चढून हे महाशय रात्री फरशीवर येतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सोबती खाल्ल्यानंतर उरलेल्या क्रेफिशचा मित्राला राग आला. "मार्कंडेयात सोडून येतो," तो म्हणाला, "तेवढाच जीव मोकळा होईल, पुण्यही लागेल." मी त्याला ग्रंथालयातली टिपणे दाखवली. हाच तांबडा क्रेफिश १९७० साली केनियातील नैवाशा सरोवरात सोडण्यात आला. तेथील पाण्याखालच्या वनस्पतींचा त्याने फडशा पाडला. १९७३ साली खाद्य म्हणून स्पेनमध्ये आणला, तर तो आसपास पसरला आणि भातखाचरांचे बांध पोखरू लागला. अमेरिकी क्रेफिशबरोबर पसरलेल्या एका रोगाने युरोपातील मूळच्या क्रेफिशचा संहार केला. संगमरवरी क्रेफिश नावाची जात तर १९९०च्या दशकात जर्मनीतील हौशी लोकांच्या टाक्यांत आढळली. तिच्यात नर नाहीतच. एकटी मादी स्वतःसारख्याच शेकडो पिलांना जन्म देते. आज ती मादागास्करच्या शेतांत व नद्यांत पसरली आहे. म्हणजे 'एकाने काय होते?' हा युक्तिवादही टिकत नाही. युरोपीय संघाने २०१६ साली या दोन्ही जाती बाळगण्यावर व विकण्यावर बंदी घातली.

आपली मार्कंडेय घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. काठाला भाताची शेते आहेत, वर सह्याद्रीत जगात इतरत्र न आढळणाऱ्या खेकड्यांच्या जाती आहेत. एका टाकीचे ओझे त्या सर्वांच्या माथी मारण्यात पुण्य कसले? मित्राने तो क्रेफिश दुकानदाराला परत दिला. काकांनीही जोडीचा विचार सोडला.

ज्यांना हा प्राणी पाळण्याची हौस आहे त्यांनी ती जरूर पुरवावी, पण विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला दोन प्रश्न विचारावेत: याची जात कोणती, आणि नको झाल्यास परत घ्याल का? दुसऱ्याचे उत्तर 'नाही' आले, तर मासे घेऊन घरी यावे.