प्रश्नाची जागा

(द्वितीय वर्ष कला)

लहान मूल बोलू लागले की दिवसभर प्रश्न विचारून घरच्यांना भंडावून सोडते. 'हे काय?', 'बाबा कुठे गेले?', 'का गेले?' प्रश्न कसा तयार करावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. तरीही त्याच्या बोलण्यामागे व्याकरणाचे पक्के नियम असतात.

कोण, काय, कुठे, केव्हा, कसा, किती हे मराठीतील प्रश्नशब्द 'क'ने सुरू होतात. 'क'च्या जागी 'ज' आणि 'त' ठेवून पाहावे : केव्हा-जेव्हा-तेव्हा, कसा-जसा-तसा. आमच्या दिघाशीकडे बोलताना 'केव्हा'चा 'कवा' होतो, पण त्याच्यासोबत 'जवा-तवा'ही येतात. साचा मोडत नाही.

दुसरा नियम जागेचा. 'तू कुठे चाललास?' 'मी भिवंडीला चाललो.' उत्तर जेथे बसते तेथेच प्रश्नशब्द बसतो. इंग्रजीत मात्र 'व्हेअर' उचलून वाक्याच्या आरंभी न्यावा लागतो. आपल्या 'का'ची गंमत निराळीच. 'तू का आलास?' यात कारण विचारले आहे. 'तू आलास का?' याचे उत्तर केवळ हो किंवा नाही. शब्द तेच, जागा बदलताच अर्थ बदलला.

हे केवळ मराठीचे वैशिष्ट्य आहे काय? 'स्टार ट्रेक' या अमेरिकन चित्रपटमालिकेतील परग्रहवासीयांसाठी मार्क ओक्रँड या भाषाशास्त्रज्ञाने क्लिंगॉन नावाची भाषा रचली व 1985 साली तिचा शब्दकोश काढला. तिच्यात कर्म आधी, मग क्रियापद आणि कर्ता शेवटी येतो. म्हणून प्रश्नातला 'कोण' कर्ता असेल तर शेवटी आणि कर्म असेल तर आरंभी येतो. म्हणजे तोही उत्तराच्याच जागी बसतो! (तेथील 'केव्हा' आणि 'का' मात्र वाक्याच्या आरंभी येतात.) हो-नाहीच्या प्रश्नासाठी क्रियापदाला शेवटी प्रत्यय लागतो; आपल्या 'आलास का'मधील 'का'च जणू. 'काय' या अर्थी 'नुक्' आहे. त्याला स्थळ दाखवणारा 'डाक्' प्रत्यय लावला की 'नुक्डाक्' म्हणजे 'कुठे'. आणि हा 'ड' अगदी आपल्यासारखा, जीभ मागे वळवून उच्चारायचा!

आठवीत इंग्रजीच्या तासाला मी शेजारच्या मुलाला विचारले होते, 'यू आर गोइंग व्हेअर?' सारा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी त्या तासाला एकही प्रश्न विचारला नाही. घरी कोणाला विचारावे, तर इंग्रजी शिकलेले कोणी नव्हते. आज कळते की वाक्य इंग्रजीच्या नियमाने चुकले होते, पण ते अडाणीपणाचे नव्हते. मराठीचा नियम मी इंग्रजीत नेला होता, इतकेच.

परकी भाषा शिकताना तिचे नियम शिकावेतच. परंतु चुकणाऱ्याला हसण्यापूर्वी ती चूक कोणत्या नियमातून आली हे पाहावे. हसण्याने वाक्य सुधारत नाही, प्रश्न मात्र बंद होतात.